दोन मशीनचं पाणी

फॉरवर्ड

“फॉरवर्ड म्हटलं की सगळ्यांनी एकदम पुढं वाकून वल्हं मारायचं. बॅक म्हटलं की उलटं. होल्ड म्हणजे बाजूची दोरी धरायची. गेट डाउन म्हणजे बोटीच्या पोटात बसायचं, तोंड बंद. आणि स्टॉप म्हटलं की हातातलं सगळं थांबवायचं. कोणाला काही शंका?”

“तोंड कशाला बंद, ताई?” कोल्हापूरच्या रणजितनं विचारलं.

“नदी प्यायची नसेल तर.”

हसले सगळे. रणजित आणि त्याचे बँकेतले तीन दोस्त, नाशिकचे बागूल आणि बागूलवहिनी. हसले नाहीत ते माझे बाबा. इस्त्रीच्या शर्टावर लाईफ जॅकेट चढवून ते बोटीजवळ उभे होते. जॅकेटच्या आत शर्टाच्या खिशाला पेन. मी पाच वर्षं या नदीवर बोट नेत होते आणि ते आज पहिल्यांदा आले होते, तेही एक सीट रिकामी राहिली म्हणून.

शिरवंती मे महिन्यात नदी नसते. दगडांतून चालणारी ओली रेघ असते. रोज सकाळी आठला वर घाटाखालच्या पॉवर हाऊसमध्ये मशीन सुरू होतं, वीज तयार होते आणि काम झालेलं पाणी खाली सोडतात. मग दोन-तीन तास ती नदी असते. तेवढ्या वेळात आमची अर्ध्या दिवसाची सहल: पोहे, राफ्टिंग, पक्षी आणि वाळूच्या बेटावरची मगरीण, लांबून.

ते पाणी तीस वर्षं सोडणारा माणूस म्हणजे माझे बाबा. दत्ताराम पांचाळ, रिटायर्ड ऑपरेटर. आधी भोंगा, मग बटण. पाणी खाली जाऊन काय करतं ते बघायला ते कधी उतरले नव्हते. “गेलं ते गेलं,” म्हणायचे.

“नंदू,” पोह्यांची प्लेट खाली ठेवत ते म्हणाले, “तुझे पाहुणे नशीबवान आहेत. आज दोन मशीन.”

“काय?”

“उकाडा वाढलाय, विजेची मागणी आहे. काल संध्याकाळी ठरलं. कंट्रोल रूममधली तृप्ती म्हणाली मला. म्हटलं, तुला इथंच सांगावं. सरप्राइज.”

“दोन मशीन! नाद खुळा!” रणजित ओरडला आणि चौघांनी वल्ही एकमेकांवर आपटली.

माझ्या हातातला चहा सांडला.


स्टॉप

सरपंचबाईंबद्दल सांगायला हवं.

मोरवणे गावाजवळच्या डोहातली मगरीण. बसायची ती सगळ्यात उंच दगडावर, आणि दुसरं कोणी तिथं आलं की फिस्कारायची, म्हणून गावानं नाव ठेवलं सरपंचबाई. दोन वर्षं तिची अंडी फुकट गेली होती. एकदा कुत्र्यांनी उकरली, एकदा मुंगसांनी. या वर्षी मी आणि वनरक्षक चोरगे, आम्ही दोघांनी मार्चपासून पहारा ठेवला. करवंदीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. कुत्री हाकलली. सहलीच्या लोकांना लांबच्या दगडावरून दाखवायचं आणि पुढं जायचं, असा नियम केला.

तिनं घरटं केलं होतं एका मशीनच्या पाण्यापासून हातभर वर. हुशार बाई. पण दोन मशीनचं पाणी कमरेएवढं चढतं, आणि मे महिन्यात दोन मशीन कधी चालत नाहीत, हे तिला जितकं माहीत तितकंच मला.

“बाबा, थांबवा ते.”

“काय थांबवू?”

“दुसरं मशीन. दोन तास फक्त. वाळूत मगरीणीची अंडी आहेत. आजउद्यात फुटतील.”

त्यांनी मग फोन काढला. स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं.

“कंट्रोल रूम, तृप्ती म्हसकर बोलतेय.”

“तृप्ती, पांचाळ बोलतोय. ऐक. दुसरं मशीन दहाला घे. आठला एकच.”

पलीकडून हसू.

“गुड मॉर्निंग साहेब. आज स्वतःच्याच आवाजात?”

बाबांनी डोळे मिटले. मला सगळं कळलं. बाबांची एक खोड होती. नवीन ऑपरेटर आला की ते त्याला आवाज बदलून फोन करायचे. आमदारांचा पीए, तहसीलदार, एकदा तर कोणा मंत्र्याची बायको. पाण्याची वेळ बदला म्हणायचे. ज्यानं बदलली तो नापास. रिटायर झाल्यावरही ती खोड गेली नव्हती, आणि तृप्ती ही त्यांची शेवटची, सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी.

“तृप्ती, ही परीक्षा नाही.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालात, साहेब.”

“अगं खरंच नाही! इथं माझी मुलगी आहे, विचार तिला!”

“तृप्ती, मी नंदिता,” मी म्हटलं. “खरंय ते.”

“ताई, तुम्हीपण सामील? साहेबांनी काय शिकवलंय सांगू? पाण्यासाठी फोन आला तर कोणाचंही ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही. खाली बायका कपडे धुतात, पोरं डुंबतात, त्यांचा त्या वेळेवर भरवसा असतो. बरोबर ना, साहेब?”

बाबांचे ओठ हलले. त्यांचंच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट.

“बरोबर,” ते म्हणाले.

“मग ठेवते. भोंग्याची वेळ होत आली.”

“तिच्या वरच्या साहेबांना लावा,” बागूल म्हणाले.

“आज रविवार आहे. उचलणार नाहीत. उचलला तर लेखी मागतील.” बाबांनी फोन खिशात टाकला. “काय पक्की केलीय मी हिला,” ते म्हणाले. अभिमानानं की दुःखानं, ते त्यांनाही कळलं नसावं.

मी बोटीकडे धावले.

“सगळे आत! आज पाण्यामागून जायचं नाही. आज पाण्याच्या पुढं पळायचं!”


फॉरवर्ड! फॉरवर्ड!

पाण्याशिवाय राफ्टिंग कोणी केलंय? आम्ही केलं.

घोट्याएवढ्या पाण्यात बोट दगडांवर घासत होती. उतरा, ओढा. बसा, वल्हवा. उतरा, ओढा. कोल्हापूरचे चौघे बोटीला खांदा देऊन पळत होते आणि प्रत्येक खडकावर “हर हर महादेव” म्हणत होते. बागूलवहिनी साडीचा काष्टा मारून आल्या होत्या, त्या सगळ्यात पुढं. बाबा मध्ये. त्यांचं वल्हं कायम उलटं.

“फॉरवर्ड, बाबा! फॉरवर्ड!”

“मारतोय की!”

“ते बॅक आहे!”

“सहलीचे पैसे भरलेत ओ आम्ही,” रणजित धापा टाकत म्हणाला, “पक्षी कुठं आहेत?”

“डावीकडे खंड्या! वर बघा, धनेश, जोडी आहे! बघून घ्या, थांबणार नाही!”

डोक्यावरून दोन मोठे धनेश पंखांचा झपझप आवाज करत गेले. आठ माणसांनी आठ माना वर केल्या आणि बोट दगडावर आपटली, बागूल पाण्यात पडले, उठून बसले आणि ओरडले, “चोच बघितली का? केवढी चोच!”

मागं, खूप मागं, भोंगा झाला. दोनदा.

“सुटलं,” बाबा म्हणाले. तीस वर्षं ते त्या आवाजाच्या त्या बाजूला होते. “नंदू, इथं पोचायला किती वेळ लागतो?”

“तुम्ही मला विचारताय?”

“मला कसं माहीत असणार?” ते म्हणाले आणि त्या दिवशीचं पहिलं वल्हं त्यांनी सुलट मारलं.


बॅक

वाळूचं बेट नदीच्या वळणाच्या पोटात होतं. मुख्य धार पलीकडून जायची. बेटावर पाणी यायचं ते वरच्या अंगाच्या एका फटीतून, दोन काळ्या दगडांच्या मधून. ती फट आमच्या बोटीच्या लांबीपेक्षा थोडी अरुंद.

मी कुंपणाजवळ जाऊन वाळूला कान लावला. बाकीचे मागं उभे.

बागूलवहिनींना उभ्या उभ्या ऐकू आलं. “अगंबाई! इथं कोणी कोंबडीची पिल्लं पुरलीत का?”

अँक्. अँक् अँक्. वाळूच्या आतून. एक थांबलं की दुसरं. मी अडीच महिने ज्याची वाट बघत होते तो आवाज. रडू की नाचू अशी अवस्था.

“बाहेर यायला लागलीत,” मी म्हटलं. “आत्ता! आजच!”

बाबा गुडघ्यांवर बसले. फोन लावला आणि स्पीकर वाळूवर टेकवला.

“तृप्ती, ऐक! ऐकू येतंय?”

अँक् अँक् अँक्.

“साहेब,” तृप्ती कौतुकानं म्हणाली, “मांजराचा आवाज भारी काढता.”

“मगरीची पिल्लं आहेत, बाई!” बागूल ओरडले. “देवाशप्पथ!”

“खरंच ओ म्याडम!” कोल्हापूरचे चौघे एका सुरात.

“या वेळी माणसं बरीच आणलीत,” तृप्ती म्हणाली. “मला दोन्ही मशीनकडे लक्ष द्यायचंय, साहेब. ठेवू?”

तिनं ठेवला. मी चोरग्यांना लावला. ते पलीकडच्या रानात होते, यायला तासभर लागणार होता. “अंड्यांना हात लावू नको, नंदिता,” ते म्हणाले. “पिल्लं बोलायला लागली की आई येते. तिला येऊ दे. तुम्ही तिथून निघा.”

मी डोहाकडे बघितलं. काळ्या पाण्यावर दोन डोळे आणि एक नाकाड. सरपंचबाई आमच्याकडे बघत होत्या. आम्ही उभे होतो म्हणून थांबल्या होत्या.

“खणू या,” बाबा म्हणाले. ते हेल्मेट काढून मोकळे झाले होते. “हेल्मेटमध्ये भरू, वर नेऊन ठेवू. पाच मिनिटांचं काम.”

“अर्धी अंडी अजून तयार नसतील. आपल्या हातात मरतील. आणि ती बघा, ती बघत बसेल का?”

“मग काय, पाण्याला सोडून द्यायची?”

“तिला सोडून द्यायची.”

“आणि पाणी आधी आलं तर?”

मी फटीकडे बघितलं. मग बोटीकडे.

राफ्ट गाइडला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. बोट दोन दगडांच्या मध्ये आडवी जाऊ द्यायची नाही. एकदा आडवी लागली की पाणी तिला दाबून धरतं, दहा माणसांना ती सुटत नाही आणि सुटलीच तर फाटून. पाच वर्षांत माझी बोट एकदाही आडवी लागली नव्हती. मालक नव्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे.

“बॅक!” मी म्हटलं. “सगळे मागं, फटीकडे. बोट उचला. आज आपण ती आडवी लावणार.”


होल्ड

बोट कुशीवर उभी केली. तळ वरच्या अंगाला. दोन दगडांमध्ये ठोकून बसवली. दोन्ही टोकांच्या दोऱ्या करंजाच्या बुंध्यांना बांधल्या, तिसरी बाबांनी मनगटाला गुंडाळली.

“मनगटाला नाही! हातात धरा!”

खाली फट राहिली होती. हेल्मेटनी वाळू भरभरून आणली आणि बुडाशी थापली. बागूलवहिनी सर्वांत वेगात. “घराला गळती लागली की हेच करते मी,” म्हणाल्या. खालच्या टोकानं बेटावर पाणी चढणारच होतं, पण सावकाश. लोंढा इथून यायचा. तो तेवढा अडवायचा.

मग सगळे वर, कातळावर. पालथे झोपलो. बेट खाली, दोन क्रिकेटच्या पिचांएवढ्या अंतरावर.

“आवाज करायचा नाही.”

कोणीच केला नाही. कोल्हापूरच्यांनीसुद्धा.

दोन डोळे पुढं सरकले. मग पाठ. मग ती वाळूवर आली, पोट उचलून, पावलं टाकत, एखादी बाई भरल्या कळशीनं चालावी तशी. कुंपणाच्या फांद्या तिनं छातीनं बाजूला केल्या. वाळूवर मान टेकवली. ऐकलं. आणि पुढच्या पायांनी उकरायला लागली.

“आली,” बाबा म्हणाले. “आली गं.”

तेव्हाच वरून आवाज आला. खडीच्या रस्त्यावरून ट्रक यावा तसा. पाण्याच्या पुढं एक तपकिरी फेस, फेसावर वाळकी पानं, पानांवर कोणाची तरी निळी चप्पल. गार वारा अंगावर आला. बाबांनी एकदम मान वर केली.

“हा वास,” ते कुजबुजले. “नंदू, हा टर्बाइनच्या खोलीतला वास आहे.”

पाणी बोटीवर आदळलं. बोट कण्हली. तळाला पाणी बाहेर जायला भोकं असतात, त्यांतून पिचकाऱ्या उडाल्या. पण लोंढा फिरला. पलीकडच्या मुख्य धारेला लागला.

खाली सरपंचबाईंनी वाळूतून काहीतरी उचललं. वीतभर, पिवळंकाळं, वळवळणारं. आणि तोंडात घातलं.

“खाल्लं!” रणजित ओरडला. “ओ ताई, पोर खाल्लं तिनं!”

“गप्प! नेतेय ती!”

ती वळली, डोहात उतरली, जबडा उघडला. पिल्लू पाण्यात. परत आली. दुसरं. तिसरं. मग एका वेळी दोन-तीन. दातांच्या मधून शेपट्या बाहेर लोंबत होत्या.

बागूलवहिनी तोंडावर पदर धरून रडत होत्या आणि हसत होत्या. खालच्या टोकानं पाणी वाळूवर चढत होतं. बोटीच्या एका टोकाची शिवण ताणून पांढरी पडली होती.

“सावकाश,” बाबा म्हणत होते. मला वाटलं मगरिणीला. मग लक्षात आलं, पाण्याला. “सावकाश, बाबा. जरा सावकाश.” आणि मग मगरिणीला, “ये पटकन, बाई. ये.”

एका बुंध्याची दोरी सुटली. बोटीचं टोक फिरायला लागलं. बाबांच्या हातातली दोरी ताठ झाली, त्यांना कडेपर्यंत ओढलं. रणजितनं त्यांची कंबर धरली, बागूलनी रणजितची.

“धरलंय!” बाबा ओरडले. दोरी त्यांच्या तळव्यातून सरकत होती.

खाली ती पुन्हा घरट्याशी. पाणी आता तिच्या पायांना लागत होतं. ती खड्ड्यात तोंड घालून अंडं बाहेर काढत होती, न फुटलेलं. जबड्यात धरून तिनं ते टाळूवर गोल फिरवलं, हळूच दाबलं. कवच तडकलं. आत पिल्लू हललं. एवढाले दात, आणि पिल्लाला ओरखडासुद्धा नाही.

शिवण फाटली. हवेचा मोठा फुस्कारा.

“बाबा, सोडा!”

“अजून आहेत! अजून खड्ड्यात आहेत!”

“बाबा! स्टॉप!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि हात उघडला.

बोट उडाली. लोंढा वाळूवरून गेला, कुंपण, खड्डा, सगळ्यावरून. सरपंचबाई त्यात क्षणभर उभ्या राहिल्या, तोंड मिटून. तोंडात काय होतं ते दिसलं नाही. मग पाण्यासोबत डोहात घसरल्या.

आम्ही उठून उभे राहिलो.

मग डोहाच्या कडेला, वाळुंजीच्या झुडपांच्या मुळांत, तिचं डोकं वर आलं. डोक्यावर, मानेवर, पाठीच्या खवल्यांवर लहान लहान डोकी. मोजता आली नाहीत. सारखी हलत होती.

अँक् अँक् अँक् अँक्.

आणि मग आम्ही ओरडलो. सगळे. कोल्हापूरच्यांनी बागूलना उचललं. वहिनींनी मला. मी कोणाला मिठी मारत होते मला कळत नव्हतं.


गेट डाउन

पुढचं थोडक्यात. चोरगे आले तेव्हा पिल्लांनी मुळांमध्ये ठाण मांडलं होतं. बोट दोन वळणं खाली सापडली, चिंध्या. मालकांनी त्याच संध्याकाळी मला काढलं. चोरग्यांनी पुढच्या हंगामापासून मला घरट्यांच्या पहाऱ्यावर घेतलं आणि अजून मी तिथंच आहे. बाबा वर्षभर वेगवेगळ्या साहेबांच्या टेबलांसमोर जाऊन बसत राहिले. आता मे महिन्यात दुसरं मशीन घेण्याआधी कंट्रोल रूममधून मला फोन येतो. मी सांगते, मगच घेतात. फोन तृप्तीचा असतो. मी ‘मीच बोलतेय’ म्हटलं तरी ती आधी माझ्याकडून सरपंचबाईंच्या डाव्या डोळ्याखालची खूण वदवून घेते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही चालत परत निघालो. आठ माणसं, लाईफ जॅकेट घालून, करवंदीच्या जाळ्यांतून. रणजितचे दोस्त करवंदं तोडून खात होते. बाबांचा एक बूट नदीत गेला होता. तळवे सोलले होते, वहिनींनी त्यांना पदर फाडून पट्ट्या बांधल्या होत्या. पेन खिशालाच होतं.

फोन वाजला. बाबांना धरता येईना. मी स्पीकर लावून त्यांच्या तोंडासमोर धरला.

“साहेब, तृप्ती. दोन्ही मशीन फुल लोडवर. भोंगा वेळेवर, पाणी वेळेवर. मिनिटाचा फरक नाही.” ती थोडी थांबली. “मी पास का?”

सगळे थांबले. बागूल काहीतरी बोलणार होते, वहिनींनी त्यांचा दंड धरला.

बाबांनी झाडांतून खाली बघितलं. बेट होतं तिथून तपकिरी पाणी चाललं होतं, भरून, जोरात, ऊन अंगावर घेत.

“पास,” ते म्हणाले.

“थँक्यू, साहेब!”

“तृप्ती.”

“हां?”

“तू कधी खाली आली आहेस? नदीवर?”

“नाही, साहेब. कशाला?” ती हसली. “पाणी गेलं ते गेलं.”

बाबांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, बूट नसलेला पाय वर उचलला, त्याला टोचलेला काटा बघितला.

“पुढच्या सुट्टीला खाली ये,” ते म्हणाले. “माझी मुलगी दाखवेल. चालत यावं लागेल, बोट नाही आता. पण ये.”

पलीकडे मशीनची घरघर.

“साहेब,” तृप्तीनं हळूच विचारलं, “हीपण परीक्षा आहे का?”